बालदी, बाल्टी, बादली

“ती बादली इकडे आणू नका!” सासूबाई ओरडल्याच.

कायतान जागच्या जागी थांबला. तो गलबतावरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. मूळचा गोव्याचा, गळ्यात क्रूस, दाढीचे खुंट पांढरे झालेले. त्याच्या हातात समुद्रातून नुकतीच ओढून काढलेली जस्ताची बादली होती. माझ्या तान्ह्या कुमुदचे लंगोट धुवायला पाणी मीच मागितलं होतं.

“दर्याचें उदक गे माये,” तो म्हणाला. “दर्याक कसलो विटाळ?”

“दर्याला नसेल, बादलीला आहे. मघाशी तुम्ही तीतच मासळी धुतलीत. मी पाहिलं.”

मामंजी डोलकाठीला टेकून बसले होते. त्यांना हसू आवरेना. “अगं, तू सकाळपासून ज्याच्यावर हात ठेवून बसली आहेस, ते काय आहे?”

“माझे देव आहेत.”

“देव आत. बाहेर काय?”

बाहेर बादलीच होती. पितळेची, जाड कडीची. कराचीचं घर सोडताना देव्हारा काही उचलता येईना. तेव्हा त्यांनी देव रेशमी खणात गुंडाळले, बादलीत बसवले आणि वरून सोवळ्याची धाबळी बांधली. तेव्हापासून ती बादली त्यांनी खाली म्हणून टेकवली नव्हती. पाटावर नाहीतर मांडीवर.

“आणि बादली हा शब्द कुणाचा?” मामंजींना आता रंग चढला. “फिरंग्यांचा! कायतानाच्या पाद्र्यांचा. तुझे देव फिरंगी शब्दात बसून मुंबईला निघालेत.”

“शब्द असेल फिरंगी,” सासूबाई म्हणाल्या. “पितळ नाशिकचं आहे.”

आजूबाजूचे सगळे हसले. हसण्यासारखं खरं तर काही उरलं नव्हतं. फाळणी झाली, आगबोटीची तिकिटं मिळेनात म्हणून आम्ही कच्छी खलाशांच्या त्या शिडाच्या गलबतात चढलो होतो. माझे यजमान आधीच मुंबईला जाऊन खोली शोधत होते. बरोबर मी, माझी नुकती बसायला लागलेली कुमुद, सासूबाई आणि मामंजी. बाकी सगळी सिंधी कुटुंबं, त्यांच्या ट्रंका, गाद्या, शिवणयंत्रं. गलबत इतकं भरलं होतं की काठावरून हात सोडला तर बोटं पाण्याला लागत.

मामंजी म्हणजे त्र्यंबकबुवा आठल्ये. कराचीत आमच्या आळीतल्या राममंदिरात त्यांचं कीर्तन असलं की गुजराती दुकानदारही दुकान लवकर मिटून येत. मला लहानपणापासून कीर्तनाचं वेड; जेवणाचं पान टाकून कीर्तनाला पळणारी मुलगी म्हणून माहेरी माझी थट्टा व्हायची. या घरात पडले तेव्हा वाटलं, देवानंच पत्ता लिहून पाठवलं. मामंजींच्या मागे उभं राहून मी टाळ धरायची. एखाद्या साध्या वस्तूवर त्यांची नजर पडली की दुसऱ्या दिवशी ती पूर्वरंगात दृष्टांत होऊन यायची. त्या दिवशी नजर बादलीवर पडली होती.

“कायतान, तुमच्याकडे काय म्हणतात हिला?”

“आमी बालदी म्हणटात, बुवा. म्हजी आजी पाद्रीच्या घरांत काम करताली. पाद्री म्हणटालो, बाल्द.”

“बघा! बाल्द. आणि नाखवा, तुम्ही?”

आमद नाखवा सुकाणूवर उभा होता. त्यानं मान न वळवता सांगितलं, “बालदी.”

“टेकचंदजी, आप?”

टेकचंद म्हणजे आमच्या शेजारच्या गाठोड्यांवर बसलेला सिंधी गृहस्थ. कराचीत त्याचं कापडाचं दुकान होतं. दोन दिवसांत तो कुणाशी बोलला नव्हता. “बाल्टी,” तो म्हणाला.

“बंगाल्यात बालती म्हणतात, मी स्वतः ऐकलंय,” मामंजी म्हणाले. “आपण काय केलं, ल आणि द ची जागा बदलली आणि बादली करून टाकली. आपलं नाणं करून घेतलं.”

“मलायांतूय बालदीच,” कायतान म्हणाला. “हांव आगबोटीर आसलों तेन्ना गेल्लों. थंयचे लोक म्हजो एक शब्द समजनासले. बालदी म्हटलें, तेन्नाच हाडून दिली.”

“मलायात!” मामंजींनी मांडीवर थाप मारली आणि माझ्याकडे वळले. “अनसूये, मुंबईला पोचलो की पहिला पूर्वरंग हाच. एवढासा शब्द, जहाजावरून उतरला आणि दर्याकाठानं चालत सुटला. कसा गेला असेल? कुणी नेला असेल?”

“आधी आपण पोचू या,” सासूबाई म्हणाल्या.

कायताननं हसत बादली समुद्रात रिकामी केली आणि वाकून खाली, गलबताच्या पोटात पाहिलं. त्याचं हसणं तिथंच थांबलं.

“नाखवा,” तो हाक मारत म्हणाला, “उदक.”

*

पोटात पाणी चढत होतं. खालच्या फळ्यांचा एक सांधा ओझ्यानं उघडला होता. आत भरलेला काथ्या आणि कापूस निघून पाण्यावर तरंगत होता. दोन खलाशी खाली उतरले, गोधड्या फाडून, चरबी लावून सांध्यात ठोकायला लागले. एक बोळा बसे, दुसरा निघे.

आमद नाखव्यानं सुकाणू दुसऱ्याकडे दिलं आणि माणसांच्या मधोमध उभा राहिला. “सामान फेंको. ट्रंक, मशीन, सब. और बालदी निकालो! जितनी है सब!”

बायकांनी रडायला सुरुवात केली. ट्रंका पाण्यात पडू लागल्या. एका म्हाताऱ्यानं शिवणयंत्राला मिठी मारली होती, त्याच्या मुलानंच त्याचे हात सोडवले. टेकचंदनं आपली कापडाची गाठोडी स्वतः उचलून टाकली, एकामागून एक.

गलबताच्या दोन बादल्या होत्या. बाकी जो तो हाताला लागेल ते भांडं पुढे करत होता. आम्ही कळशी दिली, घागर दिली. पण अरुंद तोंडाच्या भांड्यात पाणी बुडबुड करत सावकाश भरतं आणि सावकाशच रिकामं होतं. कायताननं घागर एकदा बुडवून पाहिली आणि संतापून बाजूला टाकली.

“हें न्हय! रुंद तोंडाचें जाय!”

पातेली आली, तसराळी आली. कडी नसलेलं भांडं ओल्या हातातून निसटायचं. पाणी चढतच होतं. खाली बसलेल्या बायका आता उभ्या राहिल्या होत्या, मुलं खांद्यावर.

आमदची नजर फिरत फिरत पितळी बादलीवर येऊन थांबली. त्यानं हात लावला नाही. एक पाऊल मागेच सरला. “माई,” एवढंच म्हणाला.

सासूबाईंनी दोन्ही हातांनी बादली छातीशी धरली.

“अगं, दे,” मामंजी म्हणाले.

“मी नाही द्यायची.”

“गलबत बुडतंय.”

“बुडू दे!” त्यांचा आवाज चिरका झाला होता. “घर सोडलंत, मी बोलले? तुळशीला शेवटचं पाणी घातलं आणि निघाले. तुमचं मंदिर सोडलंत, मी बोलले? पणजीच्या हातचे देव आहेत हे. मासळीचं पाणी नाही भरायची मी ह्यात. मेलो तर देवांसकट मरू.”

मामंजींनी हात जोडले. चारचौघांत बायकोला हात जोडणारे मामंजी मी त्याआधी पाहिले नव्हते. तरी सासूबाई हलल्या नाहीत.

मी कुमुदला कडेवर घेऊन खालीच उभी होते. “सासूबाई,” मी म्हटलं, “कुमुदच्या पायाला पाणी लागलं.”

त्यांनी पाहिलं. कुमुदला मजा वाटत होती. ती पाय हलवून पाणी उडवत होती.

सासूबाईंनी धाबळीची गाठ दातांनी सोडली. खण उचलून ओटीत घेतला, पदर खोचला आणि बादली माझ्या अंगावर जवळजवळ फेकली. “पोर माझ्याकडे दे. तू जा रांगेत. तुझे हात तरणे आहेत.”

*

रांग अशी लागली. कायतान कमरेइतक्या पाण्यात, सगळ्यात खोल जागी. तो बादली बुडवायचा आणि शिडीवरच्या टेकचंदला द्यायचा. टेकचंद वर माझ्या हातात. मी मामंजींना. मामंजी काठाशी, बादली समुद्रात उपडी करायचे आणि रिकामी पलीकडच्या बाजूनं सोडायचे. तिथून ती चारपाच हातांतून परत खाली जायची. काठावर कुणी जवान असता तर बरं झालं असतं. पण जवान सगळे फळ्यांशी नाहीतर शिडाच्या दोरांशी होते.

पहिल्यांदा सगळा गोंधळ झाला. बादल्या एकमेकींवर आपटत, अर्धं पाणी परत खाली सांडे. कुणी बालदी ओरडे, कुणी बाल्टी. टेकचंद माझ्यावर ओरडला, मी त्याच्यावर.

मग मामंजींनी सूर लावला. “राम कृष्ण हरी.” कीर्तनात लावायचे तसाच, वरच्या पट्टीत. रामला बादली घ्यायची, कृष्णला वळायचं, हरीला टाकायचं. कीर्तनात इतकी वर्षं मी त्यांच्या मागे टाळ धरला होता, माझे हात आपोआप लागले. टेकचंदचे लागले. खाली कायतान त्याच ठेक्यावर त्याच्या सायबाचं, गोव्याच्या संताचं, नाव घेत होता. खलाशांचा अल्ला बेली मधूनच येऊन त्यात मिसळत होता. कुणाला कुणाचं ऐकायला वेळ नव्हता. ठेका तेवढा एक होता.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. कडीनं तळहाताची साल निघाली. खारं पाणी लागलं की डोळ्यांपुढे काळोखी यायची. पाणी उतरत नव्हतं. चढतही नव्हतं. आमद मधूनच ओरडायचा, “किनारा दिखता है!” आणि मी मान वर करून पाहायची तर लाटाच दिसायच्या. तो खोटं बोलतोय हे सगळ्यांना कळत होतं. तरी तो ओरडला नाही की जास्त भीती वाटायची.

“दम लागलाय तुम्हाला,” मी मामंजींना म्हटलं. “जरा थांबा.”

“थांबलो तर बसेन. बसलो तर उठणार नाही. दे.”

तेवढ्यात एक लाट कुशीला आदळली. गलबत इतकं कलंडलं की मी मामंजींच्या अंगावर पडले आणि दोघंही काठाला लोंबकळलो. खालून बायकांचा एकच आकांत उठला आणि त्यात कुमुदची किंकाळी. मग तिचा आवाजच बंद झाला.

मी हातातलं टाकून शिडीकडे वळले.

“आहे!” खालून सासूबाई ओरडल्या. “आहे माझ्याजवळ! धरलीय! तू बादली दे!”

टेकचंदनं भरलेली बादली माझ्या पोटात ढकलली. मी घेतली. कुमुदचं रडणं पुन्हा ऐकू आलं. त्या रडण्याइतका गोड सूर मी कधी ऐकला नाही. मी वळले, दिली, वळले, घेतली.

त्यानंतर थोड्याच वेळानं मामंजींचा सूर तुटला. पूर्ण दिवसात एकदाच. राम म्हणाले, कृष्ण म्हणाले, आणि हरी आलाच नाही. पितळी बादली त्यांच्या हातात होती. ते आत पाहत होते. मी त्यांच्यापुढे दुसरी बादली धरून उभी होते. “मामंजी!” मी म्हटलं.

त्यांनी बादली समुद्रात उपडी केली. “हरी,” म्हणाले. पण त्या हरीत सूर नव्हता. माणूस कण्हतो तसा तो शब्द आला. मला वाटलं, छातीत कळ आली. त्यांनी माझ्या हातातून पुढची बादली घेतली आणि परत पट्टी धरली.

दुपार कलल्यावर आमद ओरडायचा थांबला, कारण किनारा खरोखरच दिसत होता. ओखा बंदराच्या अलीकडे, वाळूचा सखल पट्टा. त्यानं शीड पूर्ण फुगवून गलबत सरळ वाळूत घातलं. तळ घासल्याचा आवाज आला आणि वर सगळ्यांचे हात थांबले. खाली कायतान मात्र बादली भरतच होता. टेकचंदनं शिडीवरून उतरून त्याचे खांदे धरले तेव्हा तो थांबला.

*

ओहोटीला गलबत कोरड्या वाळूवर कुशीवर कललं. माणसं किनाऱ्यावर पडली होती, झोपल्यासारखी. फक्त सासूबाई आत होत्या. त्यांनी कायतानला तळाच्या फळ्या उचलायला लावल्या. तो बिचारा हातांची सालं निघालेली असताना एकेक फळी उचलत होता आणि त्या गुडघ्यांवर बसून गाळात चाचपत होत्या. रेशमी खण मिळाला. रिकामा.

“कांय ना गे माये,” कायतान शेवटी म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

सासूबाई खण पिळत बाहेर आल्या. मामंजींनी लांबूनच पाहिलं आणि तोंड फिरवलं.

संध्याकाळी गावातले लोक भाकरी, ताक घेऊन आले. जवळच्या देवळाच्या ओट्यावर आम्हाला जागा दिली. पोटात अन्न गेल्यावर टेकचंदच मामंजींकडे आला आणि हात जोडून म्हणाला, “महाराज, दिवसभर तुमच्या आवाजानं हात हलले. आता बसून ऐकू द्या.” तो सिंधीत म्हणाला; कराचीत राहून आम्हाला तेवढं कळायचं. आमदही आला होता. देवळाच्या पायरीबाहेर तो आणि त्याचे खलाशी वाळूवर बसले. कायतान त्यांच्या शेजारी.

मामंजी नको नको म्हणत होते. “आज नको. माझ्यानं होणार नाही.” पण त्यांना कीर्तनासाठी कुणी हात जोडले आणि ते उठले नाहीत, असं कधी झालं नव्हतं. कुणीतरी घोंगडं अंथरलं. तीच नारदाची गादी. मामंजी तिच्यावर उभे राहिले. गळ्यात हार नाही, हातात चिपळ्या नाहीत, उपरणं खारानं ताठ झालेलं. गावातल्या भजनी मंडळींनी दिलेले टाळ घेऊन मी मागे उभी राहिले.

त्यांनी बादलीचाच दृष्टांत घेतला. मोडक्या हिंदीत, मध्येच मराठीत. फिरंगी गलबतावर एक लाकडी भांडं होतं, त्याला ते बाल्द म्हणत. ते गोव्यात उतरलं, बालदी झालं. खारव्यांनी उचललं, कच्छला नेलं. उत्तरेला बाल्टी, बंगाल्यात बालती, मलायात परत बालदी, आमच्याकडे बादली. प्रत्येक नावाला ते त्या त्या माणसाकडे हात करत, आणि तो माणूस आपला शब्द म्हणे. “बालदी,” आमद म्हणाला. “बाल्टी,” टेकचंद म्हणाला, आणि मी दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला हसताना पाहिलं.

“हा शब्द जगला कसा?” मामंजींचा आवाज चढला. “किल्ले पडले, तोफा गंजल्या, त्यांचे गव्हर्नर कोण होते कुणाला आठवत नाही. बादली राहिली. का? कारण ज्याच्या हातात आली त्यानं ती पुढे दिली. ज्याला तहान होती, ज्याच्या घराला आग लागली होती, ज्याचं गलबत बुडत होतं, त्यानं विचारलं नाही, कुणाची आहे. आणि ज्यानं दिली त्यानं अडवली नाही. आत काय आहे हे पाहत जो थांबला असता, त्याच्यापाशी रांग तुटली असती. आणि आज त्या बादलीत—”

ते थांबले. मी टाळ धरून वाट पाहत राहिले. त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, मान खाली घातली आणि गादीवरून उतरले.

आरती झाल्याशिवाय बुवा नारदाची गादी सोडत नाही. घरात मृत्यू झाल्याची चिठ्ठी आली तरी सोडत नाही. लोकांना ते ठाऊक नव्हतं, त्यांना वाटलं थकले. मला ठाऊक होतं. मी आणि सासूबाई त्यांच्यामागे देवळाच्या मागच्या बाजूला गेलो. ते जमिनीवर बसले होते.

“काय झालं हो?” सासूबाईंनी विचारलं.

“तुझे देव मी टाकले.”

सासूबाई एक पाऊल पुढे आल्या.

“बाळकृष्ण होता,” मामंजी म्हणाले. “पितळी बादलीत. पाण्याखाली, एक हात वर केलेला. बाकीचे आधी गेले असतील, माझं लक्ष नसेल. हा मी पाहिला. माझ्या बोटांना लागला. हात घालून काढायचा तर किती वेळ लागला असता? एक श्वास. मी काढला नाही.”

“का?”

“मागची बादली आली होती.”

सासूबाई हळूच खाली बसल्या. म्हणाल्या, “लाट आली ना, तेव्हा कुमुद निसटली होती. पाण्यात गेली होती पुरी. एका हातानं सापडेना. ओटी धरलेला हात मी सोडला.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुला खोटं सांगितलं गं. आहे म्हणाले तेव्हा नव्हती. नंतर सापडली.”

मी ओट्याच्या दिशेनं कान दिला. ओट्यावर कुमुद टेकचंदच्या बायकोजवळ झोपली होती, तिचा श्वास मला इथपर्यंत ऐकू येतोय असं वाटलं.

मामंजी रडत होते. म्हातारा माणूस रडतो तसे, आवाज न करता. सासूबाईंनी त्यांच्या तोंडावरून खण फिरवला. तोच ओला रेशमी खण.

“उठा,” त्या म्हणाल्या. “माणसं खोळंबलीत.”

“कुणापुढे उभा राहू? देव नाहीत आपल्याकडे.”

“मी बसते पुढे. माझ्याकडे बघून बोला.”

त्यांनी हात दिला, मी दुसरा धरला. बाहेर सगळे होते तसेच बसले होते. कुणी उठलं नव्हतं. सासूबाई वाट काढत सगळ्यात पुढे गेल्या आणि पदर नीट करून बसल्या. कायतान उजेडाच्या कडेला होता. त्याला त्यांनी खूण करून जवळ बोलावलं. मामंजी घोंगड्यावर चढले. मी टाळ उचलले.

“आज त्या बादलीत,” ते म्हणाले, “आमचे देव होते.”